सरळ पट, काळा धूर

दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची संत्री तोडीला येतात आणि पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातले रस्ते पिकअपच्या ताब्यात जातात. दिवसभर बागेत तोड, संध्याकाळी कॅरेटची भराई, अंधार पडला की गाड्या सुटतात. बऱ्याचशा नागपूरच्या कळमना बाजाराकडे, काही सातपुडा चढून छिंदवाड्याकडे. लिलावाआधी माल बाजारात लागला पाहिजे, एवढंच गणित. उशीर झाला की भाव हातचा जातो आणि त्याचा राग ड्रायव्हरवर निघतो. म्हणजे या भागात वेग हा पोटापाण्याचा विषय आहे. तरीही टपरीवर चार ड्रायव्हर जमले की बोलणं शेवटी हौसेवरच येतं. कोणाची गाडी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते, कोणाची दुसऱ्यातही दमते, आणि कोणी कोणत्या मिस्त्रीकडून डिझेल वाढवून घेतलंय.

बाहेरच्या माणसाला पांढुर्णा म्हटलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरची गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, आठवते. वर्तमानपत्रंही वर्षातून एकदा तेवढ्यासाठीच इकडे वळतात, तेव्हा तिचं इथे पुन्हा वर्णन नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून नवा जिल्हा झाला. त्याआधी १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, पण बाजार, मोठा दवाखाना, सोयरिक आणि गाडीचे सुटे भाग नागपुरातच राहिले. कागदावर एक राज्य, व्यवहारात दुसरं, अशी ही ७० वर्षांची सवय आहे. पुढे कायद्याची गोष्ट येईल तेव्हा ती उपयोगी पडेल.

थांबल्या जागेवरून सुटायचं, सरळ रेषेत ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल पळायचं आणि घड्याळ सांगेल तो निकाल मान्य करायचा, याला ड्रॅग रेस म्हणतात. अमेरिकेत आणि थायलंडमध्ये हा खेळ चक्क डिझेल पिकअपवर खेळला जातो. पांढुर्ण्याला तशी धावपट्टी नाही. मात्र त्या खेळाचे दोन्ही तुकडे इथे वेगवेगळे नांदताहेत. सरळ रेषेतली शर्यत बैलांकडे आहे, तिला पट म्हणतात. आणि इंधन वाढवून ताकद काढण्याची विद्या पिकअपच्या मिस्त्रीकडे आहे. या दोघांची एकमेकांशी ओळख नाही, आणि असती तर मिस्त्रीनं बैलवाल्याकडून बरंच काही शिकून घेतलं असतं, असं माझं मत होत गेलं.

०

आधी मिस्त्रीकडे जाऊ.

पेट्रोल गाडीचा ॲक्सिलेटर दाबला की इंजिनात हवा जास्त जाते आणि त्या हवेच्या मापानं पेट्रोल. डिझेलची तऱ्हा उलटी. हवा जेवढी येईल तेवढी आत घ्यायची आणि ताकद ठरवायची ती फक्त डिझेल किती टाकलं यावर. म्हणून डिझेल गाडीची ताकद वाढवणं वरवर फारच सोपं वाटतं. एक स्क्रू फिरवायचा. जुन्या यांत्रिक पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती जाईल याची मर्यादा घालणारा स्क्रू असतो. कंपनी तो बसवून वर शिशाचं सील मारते. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या पिकअपवर ते सील शाबूत दिसलं तर गाडी एका हाती चालली असं खुशाल समजावं.

पंपवाल्याची खोली गॅरेजपेक्षा वेगळी असते. गॅरेजची जमीन ग्रीसनं काळी, वर आभाळ. पंपवाल्याकडे शक्यतो दार लोटलेलं, कारण धुळीचा एक कण नोझलचा सत्यानाश करतो. टेबलावर नोझल तपासायचं हातयंत्र. त्याला एक दांडा, एक दाबाचा काटा आणि पुढे काचेचं भांडं. नोझल बसवून दांडा हळूहळू खाली दाबायचा. काटा २०० बारच्या आसपास किंवा पुढे गेला की नोझल ‘कर्र’ आवाज करत उघडतं आणि डिझेलचं बारीक धुकं भांड्यात पसरतं. आवाज कोरडा आणि तुटक आला, धुकं सगळ्या छिद्रांतून सारखं पडलं आणि शेवटी टोकावर थेंब लोंबला नाही, तर नोझल धडधाकट. धुक्याऐवजी धार दिसली की मिस्त्री मान हलवून ते बाजूला टाकतो. तपासताना समोर बोट धरायचं नाही हा इथला पहिला नियम. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, आणि वरून सुईएवढं दिसणारं ते भोक बोट गमावण्याची वेळ आणू शकतं.

पलीकडे कॅलिब्रेशनचं मोठं यंत्र. गाडीवरून काढलेला पंप त्यावर चढवतात, मोटर तो फिरवते आणि चार नळ्यांतून डिझेल चार उभ्या काचनळ्यांत जमा होतं. ठरावीक फेरे झाले की मोटर थांबवायची आणि चारही पातळ्या डोळ्यासमोर धरून बघायच्या. एक नळी कमी भरली तर ते सिलिंडर कमी काम करणार आणि उरलेली तीन त्याचं ओझं वाहणार. खरं ट्युनिंग हे आहे. चौघांना सारखं वाढायचं, वेळेवर वाढायचं आणि बारीक करून वाढायचं. मिस्त्रीकडे येणारं गिऱ्हाईक मात्र हे मागत नाही. त्याची मागणी ठरलेली असते, ‘भाऊ, घाटात गाडी दमते, जरा डिझेल खोलून द्या.’

या खोलीत आजही ‘मायको’ हेच नाव चालतं. मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली. तिचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली आणि नोझल-इंजेक्टरचा तिचा कारखाना आपल्या नाशकातच आहे. जुने मिस्त्री डब्यावर काहीही छापलेलं असो, तोंडानं मायकोच म्हणतात.

आता स्क्रू फिरवल्यावर काय होतं ते बघू. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. म्हणजे जवळपास १०,००० लिटर. प्रत्यक्षात याहून जास्तच हवा लागते, कारण डिझेल आणि हवा यांना मिसळायला वेळ फारच थोडा मिळतो. स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं, पण हवा तेवढीच राहिली, तर उरलेलं डिझेल अर्धवट जळून काजळी बनतं आणि सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तो काळा धूर म्हणजे पंपावर मोजून घेतलेले पैसे. तरुण ड्रायव्हरांना तो धूर ताकदीचा पुरावा वाटतो. जुने ड्रायव्हर आरशात धूर दिसला की पाय सैल करतात.

त्यात आपला उन्हाळा. १५ अंशांवरच्या हवेपेक्षा ४५ अंशांवरची हवा सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. डिसेंबरात संत्र्याच्या हंगामात बेतून लावलेला स्क्रू मे महिन्यात तोच राहतो, इंजिनाला मिळणारी हवा मात्र दहावा हिस्सा घटलेली असते. थंडीत जी गाडी नुसती भुरकट सोडायची ती उन्हाळ्यात काळी ओकते. मिस्त्रीनं काही बिघडवलेलं नसतं. ऋतू बदलला, एवढंच. मृगाच्या संत्र्यांची तोड फेब्रुवारीपासून पुढे चालते, म्हणजे त्याच गाड्या थंडी ते कडक ऊन असा सगळा प्रवास एकाच मापावर करतात.

धुरापेक्षा वाईट गोष्ट दिसत नाही. ती उष्णता आहे. जास्त डिझेल म्हणजे एक्झॉस्टचं तापमान जास्त. ते ७०० अंशांच्या आसपास रेंगाळू लागलं की ॲल्युमिनियमच्या पिस्टनचं डोकं आणि टर्बोची पाती दोन्ही धोक्यात येतात. शर्यतीतली गाडी पूर्ण ताकदीवर काही सेकंद असते, त्यामुळे तिथे हे निभतं. घाट चढणारी भरलेली पिकअप पूर्ण ताकदीवर कितीतरी मिनिटं असते. परदेशी शर्यतींची चित्रफीत बघून तेच माप आपल्या मालगाडीला लावणाऱ्यांना नेमका हाच फरक कळत नाही, आणि इंजिन उघडून पिस्टन हातात घेतल्यावर कळून काही उपयोग नसतो.

या भागातला खरा कस सौंसर-छिंदवाडा रस्त्यावरच्या सिल्लेवानी घाटात लागतो. पिकअपचं इंजिन म्हणजे २५२३ सीसी, चार सिलिंडर, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. गाडी आणि माल मिळून तीन-साडेतीन टन. कागदावर हौद्याची क्षमता दीड-पावणेदोन टन, मनात मात्र नेहमी आणखी दहा कॅरेट. म्हणून मागचे पाटे वाढवले जातात, टायर जाड घेतले जातात आणि मग ओघानंच डिझेल वाढतं. इथला क्रम हा असा आहे. आधी वजन वाढलं, मग ताकद हवीशी झाली. ब्रेक मात्र कंपनीनं दिले तेच राहतात. चढायची सोय झाली, उतरायची नाही, आणि त्याच घाटानं परतही यायचं असतं. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा मालाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,००० असा झाला. तरी हौद्यावर चढणारं शेवटचं कॅरेट काही थांबलेलं दिसत नाही.

नव्या गाड्यांत स्क्रूच नाही. कॉमन रेल आल्यापासून डिझेल दीड हजार बारच्या वर दाबून ठेवलेलं असतं आणि नोझल कधी, किती उघडायचं हे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. मग मिस्त्रीच्या पान्याची जागा लॅपटॉपनं घेतली. आतला नकाशा बदलायचा, याला रिमॅप म्हणतात. स्वस्तातला मार्ग म्हणजे दाबाच्या सेन्सरच्या वायरमध्ये एक डबी खुपसायची. रेलमध्ये दाब आहे त्याहून कमी आहे असं ही डबी ईसीएमला सांगते. तो बिचारा खरं मानून दाब वाढवतो, डिझेल जास्त पडतं आणि गाडी उसळते. खोटं बोलून काम काढायची ही पद्धत यंत्रांतही चालते याची मला मौज वाटते, पण इंजेक्टर आणि पंप यांचं आयुष्य त्या खोट्याची किंमत चुकवतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं तेव्हापासून धूर अडवायची, जिरवायची बरीच सामग्री गाडीवर चढली. काही लोकांना ती अडगळ वाटते आणि ते ती काढायच्या मागे लागतात.

०

हे वेड फक्त आपल्याकडचं नाही. किंबहुना आपण त्यात बरेच गरीब आहोत.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात गावठी सुधारलेल्या मोटारींच्या रस्त्यांवर शर्यती लागायच्या, माणसं मरायची. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन शर्यती लावणं सुरू झालं. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. रस्त्यावरच्या पोरांना धावपट्टीवर आणायचं, गाडी आधी तपासायची, घड्याळ लावायचं, असा तो सरळ विचार होता. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते, तिचं मूळही याच कल्पनेत आहे. तिथे येणाऱ्या गाड्या मात्र बहुतेक श्रीमंतांच्या. संत्र्याची पिकअप तिथे गेली तर तिला पार्किंगमध्ये उभं करतील.

अमेरिकेतल्या डिझेल पिकअप शर्यतवाल्यांचं कुलदैवत एक इंजिन आहे. १९८९ मध्ये डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. तेव्हा त्याची ताकद होती १६० हॉर्सपॉवर. पुढे त्यावर बॉशचा एक रांगेतला पंप आला आणि त्यातली एक छोटी पोलादी पट्टी सरकवून किंवा घासून डिझेल वाढवता येतं हे पोरांना सापडलं. मग मोठे टर्बो, जाड नोझल, आणि आकडा हजार हॉर्सपॉवरच्या पुढे. आता गंमत बघा. कमिन्सचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, किर्लोस्कर कमिन्सच्या स्थापनेपासूनचा. आणि १९९३ मध्ये टाटांनी कमिन्सबरोबर जमशेदपुरात कंपनी काढली, तिथून याच घराण्यातलं ५.९ लिटरचं इंजिन टाटाच्या ट्रकांत आलं. तिकडचा पिकअपवाला ज्याची पूजा बांधतो ते इकडे हायवेवर निमूट सिमेंटची पोती वाहतं.

त्या पूजेचा धूरही दाट आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०२० मध्ये हिशेब मांडला, की आधीच्या दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकलेली आहे. काही जण तर मुद्दाम धूर काढून शेजारच्या गाडीवर सोडतात. थायलंडमध्ये इसुझूच्या पिकअप हलक्या करून, काळा धूर सोडत पाव मैल पळवतात. तिथे तो गावाकडचा, मध्यमवर्गीय खेळ आहे, आणि पांढुर्ण्याच्या पोराला ॲम्बी व्हॅलीपेक्षा तोच जवळचा वाटेल.

भारतात डिझेल वाढवून बळ आजमावायचा खरा अड्डा पंजाबात आहे, आणि तिथे पिकअपऐवजी ट्रॅक्टर असतो. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीनं बांधायचे आणि ओढाताण करायची, याला टोचन म्हणतात. पंप खोललेले, टर्बो चढवलेले, वजनं लावलेले ट्रॅक्टर त्यासाठी खास पोसलेले असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रॅक्टरवर कसरती करताना एक तरुण गेला आणि पंजाब सरकारनं ट्रॅक्टरच्या जीवघेण्या कसरतींवर बंदी घातली. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर उलटा चालवायच्या स्पर्धा होतात. त्यात ताकदीपेक्षा मान आणि मनगट लागतं. मला ती स्पर्धा जास्त आवडते, पण तो विषय वेगळा.

०

आता पट. विदर्भात शंकरपट म्हणतात तो हाच. पश्चिम महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या बैलगाडा शर्यतीपेक्षा तो अगदी निराळा आहे. सरळ धावपट्टी, हलकी छकडी, एक जोडी, एक धुरकरी, झेंडी पडली की सुटायचं. सगळा खेळ काही सेकंदांचा. निकाल घड्याळ देतं, आणि तो सेकंदाच्या शंभराव्या भागावर फिरतो. पूर्वी हातातलं स्टॉपवॉच होतं, त्यावरून काठ्या निघायच्या. आता ठिकठिकाणी सेन्सरचं घड्याळ आलंय, त्यामुळे भांडायला नवी कारणं शोधावी लागतात. ड्रॅग रेसची व्याख्या पुन्हा वाचा. मैदान, सुटका, अंतर, घड्याळ, सगळं तेच आहे.

अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट या सगळ्यांत नावाजलेला. तिथे महिलांचाही पट होतो, म्हणजे छकडीवर उभं राहून जोडी बायका हाकतात. पांढुर्णा-सौंसरच्या पटशौकिनांना वरूड, नरखेड, काटोल, सावनेर ही गावं घरासारखी. संक्रांतीपासून पुढे हंगाम असतो. संत्र्यांची पहिली गडबड सरलेली, गहू-हरभरा उभा, हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ.

या मातीला यात एक जुना मान आहे. गवळाऊ ही बैलांची जात वर्धा, नागपूर, शिवनी आणि छिंदवाड्याच्या सौंसर भागातली. पांढरा-करडा रंग, लांबट तोंड, अंगानं सडपातळ, पायानं चपळ. मराठ्यांच्या फौजेची रसद डोंगराळ मुलखातून झपाझप हलवायला ही जात निवडून वाढवली, अशी परंपरा आहे. जड नांगराला इतर जाती बऱ्या. हिचा गुण हलक्या गाडीला लावून पळण्याचा. म्हणजे घोड्यांचं बळ मोटारीत आणण्याच्या शे-दोनशे वर्षं आधीच इथे ‘वजन कमी, झेप जास्त’ हे माप ठरलेलं होतं. शुद्ध गवळाऊ आता शोधावा लागतो. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्र आहे. गावात ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, आणि पटात बाहेरून आणलेल्या जोड्यांना लाखांत किंमत येऊ लागली.

पटाच्या बैलाला नांगर नाही. त्याचा खुराक म्हणजे घरातला एक स्वतंत्र खर्च. कडबा, कुटार हे पोट भरायला. त्यावर सरकी, ढेप, तुरीची चुनी. हंगाम जवळ आला की कणकेचे गोळे, गूळ, दूध, अंडी, ऐपतीप्रमाणे तूपही. आणि इथेच बैलवाला मिस्त्रीला मागे टाकतो. खुराक एकदम वाढवायचा नाही हे त्याला बापाकडून माहीत असतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गवत आंबवणारे जीव असतात. एकदम धान्य-कणीक पडली की तिथे आम्ल वाढतं, बैल रवंथ सोडतो, पोट फुगतं आणि कधी दगावतोही. म्हणून मूठ-मूठ वाढवत आठवडे घालवायचे, शेण बघायचं, पाणी किती प्यायला ते बघायचं, जमलं नाही तर दोन पावलं मागे यायचं. शर्यतीच्या दिवशी पोट जड ठेवायचं नाही. इंधन वाढवायच्या आधी ते पचवायची ताकद वाढवावी लागते, हे ज्ञान त्याच्याकडे पिढीजात आहे. मिस्त्रीकडचं गिऱ्हाईक अर्ध्या तासात गाडी मागतं.

दुसरी गोष्ट जोडीची. एकटा बैल कितीही पळो, शेजारचा त्याच्या टापेला टाप देत नसेल तर छकडी वाकडी जाते आणि सेकंदाचे तुकडे वाया जातात. म्हणून उंची, पल्ला, स्वभाव बघून जोडी लावतात, महिनोन्‌महिने एकत्र फिरवतात, प्रसंगी एक बैल विकून दुसरा आणतात. कॅलिब्रेशनच्या चार काचनळ्या मी बघितल्या तेव्हा मला हेच आठवलं. फक्त तिथे त्या नळ्यांकडे बघायला गिऱ्हाईक थांबत नाही, आणि इथे जोडी जुळली का नाही हे धुऱ्यावर बसलेलं पोरगंही सांगतं.

पण पटाला सोवळं करून दाखवायची गरज नाही. आरीची तुतारी, शेपूट पिरगाळणं, चावणं, बॅटरीचा शॉक, दारू पाजणं, हे सगळं या मैदानांवर झालेलं आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही देशभर बंदी घातली ती उगीच नव्हे. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, उच्च न्यायालयात ती अडकली, १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, अंतर १००० मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक बंद, सगळ्याचं चित्रीकरण. छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कागदावरचं सगळं मैदानात उतरतं असा माझा दावा नाही. पण सात वर्षांच्या बंदीनं एक गोष्ट झाली. बैलाला टोचून काढलेला वेग हा वेग नव्हे, हे आयोजकांना माइकवरून जाहीर बोलावं लागतं.

आणि हा कायदा महाराष्ट्राचा. घटनापीठापुढे होते त्या तीन राज्यांत मध्य प्रदेश नाही. सातनूरपाशी रस्ता राज्य ओलांडतो, शेतं तीच, भाषा तीच, पण पटाचं कायदेशीर छत्र पलीकडेच राहतं. त्यामुळे इकडच्या जोडीला परवानगीचा पट हवा असेल तर नाका ओलांडावा लागतो.

पिकअपच्या बाबतीत कायदा दोन्हीकडे एकच आहे आणि तो नाही म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ मापांपासून गाडी हलवायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी कडक शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९. प्रत्यक्षात शिशाचं सील कोणी बघत नाही. धुराच्या तपासणीत गाडी जागेवर उभी करून रेस द्यायची आणि सायलेन्सरमध्ये नळी धरायची असते; त्या दिवसापुरता स्क्रू मागे फिरवता येतो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. बैलांच्या खेळात गैरप्रकार झाले तेव्हा बंदी आली, मग नियम आले, मग तपासणीसह मैदान मिळालं. गाडीच्या खेळाला आपल्याकडे फक्त पहिला टप्पा लाभला. रिकामी धावपट्टी, फाटकावर तपासणी, हेल्मेट, ॲम्ब्युलन्स, एवढं एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोन दिवस झालं तरी रात्रीच्या चौपदरी रस्त्यावरची बरीच खुमखुमी तिकडे जाईल. सांता आनाला १९५० मध्ये हे जमलं होतं. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीकडचे रुंद, सरळ रस्ते रविवारी बघितले की हा विचार डोक्यात येतोच, पण परवानगीच्या अर्जावर कोणत्या खात्याचं नाव लिहायचं हे कोणाला ठाऊक नाही.

तोवर दोन्ही विद्यांची गाठ पडते ती एकाच जागी, पिकअपच्या हौद्यात. पटाला जोडी चालत नेत नाहीत, पिकअपनं नेतात. १ जानेवारी २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे गाई-म्हशीएवढ्या जनावराला गाडीत दोन चौरस मीटर जागा द्यायची असते. नऊ फुटी हौदा साडेचार चौरस मीटरच्या जरासा वर. म्हणजे बरोबर एक जोडी, मध्ये आडवी बल्ली, खाली तणसाचा जाड थर. जनावरांच्या गाडीत दुसरा माल नेऊ नये असंही नियमात आहे, पण कालच त्या हौद्यातून संत्री उतरलेली असतात. ज्या गाडीचं डिझेल घाटासाठी वाढवलंय तीच गाडी त्या दिवशी चाळीसच्या वर जात नाही. ब्रेक दाबायचा तर फर्लांगभर आधीपासून, वळण घ्यायचं तर सावकाश, खड्डा आला की जवळजवळ थांबून. एका बैलाचा खूर घसरला तर हंगाम गेला, आणि त्याची भरपाई भाड्यातून होत नाही, हे ड्रायव्हरला मालकानं निघतानाच सांगितलेलं असतं. मैदानावर पोचल्यावर फळी लावून बैल उतरवतात, पाणी दाखवतात, थोडं फिरवून पाय मोकळे करतात आणि रात्रभर आडोशाच्या जागी बांधतात. नोंदणी सकाळी उघडते.